मुरवणकर

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा व्हायच्या आधी एक परीक्षा व्हायची. परीक्षा द्यायची थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी. घ्यायची त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन स्टीलचे पेले मांडायचे. एकात नळाचं गार पाणी, दुसऱ्यात चहासाठी तापवलेलं. दादा डोळे मिटून बसायचे, उजव्या हाताची बोटं आधी एका पेल्याला आणि मग दुसऱ्याला लावायचे आणि सांगायचे, "हा गार. हा गरम."

"पास," जाऊबाई म्हणायच्या आणि गरम पाणी पातेल्यात ओतून त्यात चहाची पूड टाकायच्या. "रोज रोज पास होताय. एक दिवस पदवीच देऊन टाकते."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हा नवरा-बायकोचा खेळ वाटला होता. दोघांची एकुलती लेक सासरी गेलेली, घरात आणखी करमणूक ती काय, असं वाटलं. मग एके दिवशी बटाटे सोलता सोलता माझ्या लक्षात आलं, की दादा डोळे मिटले की मान किंचित पुढे काढतात. पेल्याला बोट लागायच्या आधी त्यांच्या हनुवटीला वाफ लागलेली असते.

दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, दादा बोटांनी ओळखत नाहीत. वाफेवरून ओळखतात."

"मला काय आंधळी समजलीस?"

"मग तुम्ही पास का म्हणता?"

जाऊबाईंनी हातातली चादर झटकली. "मग काय करू? रोज सकाळी उठून नवऱ्याला नापास करू?"

त्यानंतर आम्ही दोघी हा विषय बोललो नाही. पेले मात्र रोज मांडले जात.

दादांची बोटं अशी बधिर झाली ती नारिंगी खोलीत. त्यांच्या कारखान्यात झाडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा बनायचा. पुठ्ठ्यासारखे जाड ताव यायचे. ते कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, दाबून पिळायचे, मग यंत्रात फाडून त्यांचा पांढरा, ओलसर भुगा करायचा, शिळ्या पावाच्या चुऱ्यासारखा. तो भुगा झाकणाच्या मोठमोठ्या पिंपांत भरून उबदार खोलीत मुरत ठेवायचा. मुरला की पुढच्या खोलीत फिरत्या ढोलात घालून त्यावर गंधकाचं एक पातळ रसायन सोडायचं. त्याने पांढऱ्या भुग्याचा रंग नारिंगी होतो, म्हणून ती नारिंगी खोली. दिसायला काय सुंदर रंग, म्हणे. पण वास सडक्या कोबीचा, आणि तो वास माणसाच्या केसांतून उशीत आणि उशीतून स्वप्नात जातो. नारिंगी खोलीतली माणसं आधी चिडकी होतात, मग विसरभोळी होतात, मग त्यांची पावलं आणि बोटं हळूहळू त्यांची राहत नाहीत. तिथे स्वखुशीने कोणी जात नसे, म्हणून तिथली जागा कायम रिकामी आणि तिथला माणूस कायम नवा.

दादांनी आपली उमेदीची सगळी वर्षं त्या ढोलांसमोर काढली. आईवडील लवकर गेलेले, धाकट्या भावाला वाढवायचं होतं, आणि कारखान्याचं क्वार्टर हवं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. जाऊबाई सांगायच्या, "लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी एकदा आमटीत मीठ नाही म्हणून ताट भिंतीवर मारलं. दुसऱ्या मिनिटाला स्वतःच फडकं घेऊन भिंत पुसत बसले आणि मला विचारतात, कोणी केलं गं हे?"

शेवटी पायऱ्या उतरताना पाय अडखळायला लागला तेव्हा हातापाया पडून त्यांनी बदली करून घेतली, मागच्याच खोलीत, मुरवणीत. जाऊबाई म्हणतात, मुरवण खोलीत गेल्यावर त्यांचा नवरा त्यांना परत मिळाला. राग गेला. स्वप्नं गेली. बोटं तेवढी परत आली नाहीत. पण दादांची समजूत अशी होती, की वास सुटला तशी बधिरताही सुटेल, जरा धीर धरायला हवा. ती सकाळची परीक्षा त्यासाठी होती.

कारखान्यात त्यांचं नाव पडलं मुरवणकर. घरी कोणी बोलवायला आलं तरी दारातून हाक मारायचं, "मुरवणकर आहेत का?" आणि जाऊबाई आतून म्हणायच्या, "आहेत, अजून मुरतायत. बसा."

"मुरतं म्हणजे होतं तरी काय?" मी एकदा दादांना विचारलं. मी कॉलेजात इतिहास घेतला होता. रसायनाशी माझा संबंध कपड्यांवरच्या डागांपुरता.

दादांनी माझ्या विणकामाच्या टोपलीतून लोकरीचा गुंडा उचलला आणि टेबलावर हातभर उलगडला. "धाकटे, हे बघ. लाकडाच्या आत अशा साखळ्या असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कडीला कडी, लांबच लांब. इतक्या लांब, की तशाच विरघळवल्या तर नुसता गुंता. विरघळवून केलेला पाक घट्ट होतो, चाळणीतून उतरत नाही. म्हणून त्या तोडायच्या." त्यांनी कात्रीने लोकरीचे वीतभर तुकडे केले. "कोण तोडतं? हवा. उबेला भुगा ठेवला की हवा आत शिरते आणि साखळीला मिळेल तिथे चावत बसते."

"आणि जास्त चावली तर?"

त्यांनी एक तुकडा इतका बारीक कातरला की त्याची नुसती लव झाली. ती तळहातावर घेऊन फुंकली. "ह्याचा धागा वळून दाखव. वळलास तरी ओढल्याबरोबर तुटेल."

"म्हणजे तुमचं काम तोडायचं."

"तोडायला हवा समर्थ आहे. माझं काम थांबवायचं. नेमक्या लांबीला पिंप गार करून पुढे ढकलायचं."

तेवढ्यात जाऊबाई आल्या. "लोकर कोणाची कातरलीत? ती माझ्या स्वेटरची आहे. आता सांगा तुमच्या हवेला जोडून द्यायला."

"जोडता येत नाही," दादा अगदी गंभीरपणे म्हणाले. "एकदा आखूड झाली की झाली. सगळ्या कारखान्यात तिला परत लांब करणारं यंत्र नाही."

"मग जेवणही नाही," जाऊबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो.

दादांची एकच इच्छा होती आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, नारिंगी खोलीत पाय ठेवायचा नाही. ह्यांना शिकवलं त्यासाठी, दुसऱ्या गावात नोकऱ्या शोधायला लावल्या त्यासाठी. त्या मिळाल्या आणि सुटल्या, एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि शेवटी हे परत इथेच आले तेव्हा दादा साहेबांच्या दारात जाऊन बसले. पाळीचे साहेब, थकलेला, सज्जन माणूस. दादांनी ह्यांना कताईत लावून घेतलं. कताई म्हणजे जिथे तो मधासारखा पाक केसाहून बारीक भोकांच्या टोप्यांतून आम्लाच्या कुंडात सुटतो आणि धागा होऊन बाहेर येतो. तिथेही वास असतो, डोळे चुरचुरतात, पण नारिंगी खोलीच्या मानाने ते देऊळच.

अट एवढीच होती, की आधी काही महिने तात्पुरतं. तेवढ्या काळात मशीनवर धागा फार तुटला नाही तर कायम. तुटला तर जिथे जागा रिकामी असेल तिथे. आणि जागा कुठे रिकामी असते, ते सगळ्यांना माहीत होतं.

हे हाताने हलके आहेत. लहानपणी पतंगाच्या दोऱ्याचा गुंता सोडवायला सगळी गल्ली ह्यांच्याकडे यायची, असं दादा सांगायचे. पहिले काही आठवडे ह्यांच्या मशीनवर इतका कमी धागा तुटला की शेजारच्या मशीनवरचा जुना माणूस म्हणाला, "अहो, अधूनमधून एखादा तोडा. आमची लाज राखा." हे घरी येऊन सांगायचे आणि दादांचा चेहरा असा फुलायचा, जसा काही स्वतःच कायम झालाय.

मग तुटायला लागला.

आधी हे म्हणाले, टोपी खराब असेल. टोपी बदलली. मग म्हणाले, आम्लात काही असेल. तेही तपासलं. धागा सगळ्याच मशीनवर तुटत होता, पण कायम झालेल्या माणसांच्या तुटण्याचं कोणी फार मनावर घेत नाही. तात्पुरत्यांकडे मात्र सगळ्यांचं लक्ष. शेजारच्या माणसाने थट्टा थांबवली, त्यावरून मला कळलं की प्रकरण थट्टेपलीकडे गेलंय.

घरी आल्यावर हे आपली बोटं दिव्याखाली धरून बघत बसायचे. "माझाच हात जड झालाय," म्हणायचे. "दादा, तुम्ही सांगा, पाक बरोबर येतोय ना?"

"गोळीबाईंना विचार," दादा म्हणाले, आणि ताटावरून उठले.

गोळीबाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाई. काचेच्या उभ्या नळीत पाक भरून त्या वरून एक पोलादी गोळी सोडायच्या आणि ती तळाला जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायच्या. साखळ्या लांब असल्या तर पाक घट्ट आणि गोळी रेंगाळते. आखूड असल्या तर गोळी सरळ तळाशी. त्यांचं म्हणणं, गोळी अगदी वेळेवर पडते, पाकात दोष नाही. त्या खरंच बोलत होत्या.

मला संशय आला तो पेल्यांवरून. एका सकाळी जाऊबाईंनी पेले मांडले आणि दादा म्हणाले, "आज नको." दुसऱ्या दिवशीही नको म्हणाले. इतकी वर्षं न चुकलेली परीक्षा अशी अचानक बंद झाली आणि जाऊबाईंनीही का म्हणून विचारलं नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघून पेले फडताळात ठेवायला वळल्या.

रविवार होता. हे बाहेर गेले होते, नोकरीची आणखी कुठे सोय होते का बघायला. कुठेच होणार नव्हती. जाऊबाई भाजी निवडत होत्या. दादा मागच्या अंगणातून आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "त्याचा हात जड नाही. भुगा माझा आहे."

जाऊबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "बसा आधी."

ते बसले. मग जे सांगितलं ते असं.

भुगा करणाऱ्या यंत्राभोवती गार पाणी खेळवलेलं असतं, नाहीतर फाडताफाडता भुगा तापतो. ते पाणी मधूनमधून अडायला लागलं होतं. तापलेला भुगा पिंपात आला की बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आत कुठेतरी एका कोपऱ्यात ऊब साठते, आणि तिथे हवा दुप्पट वेगाने चावत सुटते. मुरवण खोलीत लांब दांडीचं तापमापक असतं. ते पिंपाच्या मध्यात खुपसून बघायचं असतं, पण मधली ऊब आणि कोपऱ्यातली ऊब एक नसते. म्हणून जुनी माणसं पिंपाच्या अंगावरून हात फिरवतात. कुठे ऊब जास्त लागली की झाकण काढून भुगा खालीवर करायचा, झालं. दादाही हात फिरवत. रोज, सगळ्या पिंपांवरून. त्या हातांना काही लागत नव्हतं.

"मला वाटायचं, लागतंय," दादा म्हणाले. "खरंच वाटायचं, धाकटे. हा कोमट, हा जरा जास्त कोमट. मनाने ठरवलं की बोटांना लागल्यासारखं वाटतं."

पहिलं पिंप जास्त मुरलेलं निघालं तेव्हा झाकण काढल्याबरोबर त्यांना दिसलं. भुगा चिकट झाला होता. त्यांनी मग तेच केलं जे मुरवणीत सगळेच कधी ना कधी करतात. मेळ घातला. म्हणजे त्या जास्त मुरलेल्या भुग्यात एक न मुरलेलं, ताजं पिंप मिसळलं. काही साखळ्या फार आखूड, काही फार लांब. सरासरी बरोबर. गोळी सरासरीच ओळखते. ती वेळेवर तळाला गेली.

थोडासा मेळ धागा सोसतो. पण पाणी अडतच राहिलं आणि पिंपं बिघडतच राहिली, आणि दादा मेळ घालतच राहिले. लांब साखळ्या चाळणीत अडकायच्या. आखूड साखळ्यांना जोर नसायचा. पाक उतरायचा, धागा निघायचा आणि ओढला की तुटायचा.

"अहो, मग पहिल्याच पिंपाला सांगितलं का नाहीत?" जाऊबाईंचा आवाज चिरला.

"सांगितलं असतं तर विचारलं असतं, हाताला कसं कळलं नाही. हात बघितले असते. मग मुरवण सुटली असती. मुरवण सुटली की हे घर सुटलं. मला वाटलं, तो एकदा कायम होऊ दे. मग त्याच्या नावावर क्वार्टर होईल, मग माझे हात कोणी का बघेना." ते आपल्या हातांकडे बघत होते, दुसऱ्या कोणाचे तरी टेबलावर राहून गेलेले असावेत तसे. "त्याला वाचवायला म्हणून लपवलं, आणि त्याच्याच मशीनवर जाऊन तुटलं."

जाऊबाई उठल्या. त्यांनी दादांच्या खांद्यावरचा काहीच नसलेला कचरा झटकला. "उद्या साहेबांकडे जा," त्या म्हणाल्या. "घराचं बघू. आधी भावजींचं बघा."

दादा गेले. साहेबांनी ह्यांनाही बोलावून घेतलं, म्हणून पुढचं मला ह्यांच्याकडून कळलं. दादांनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"मुरवणकर, खरं बोललात, बरं केलंत. आजच पाण्याचा नळ बघून घेतो. पण हे तुम्ही महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं."

"साहेब, माझा भाऊ..."

"कताईत त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाय. वरून परवाच हुकूम आला."

"पण धागा त्याच्या हाताने तुटला नाही!"

"मला पटलं. मी वर सांगतो. पण वरच्यांना तुटलेला धागा दिसतो, मुरवण दिसत नाही." साहेबांनी खरंच वर सांगितलं, एकदा नाही, दोनदा. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. वरून उत्तर आलं, की भाऊ भावासाठी काहीही बोलेल.

दादांचे हात तपासायला कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून परत आल्यावर दादा साहेबांना म्हणाले, "मला घाला परत नारिंगी खोलीत. त्याच्याऐवजी. माझं आता आणखी काय बिघडायचंय?"

साहेब म्हणाले, "मुरवणकर, डॉक्टरांनी तुमच्या बोटांना सुया टोचल्या. टोचून झाल्यावर तुम्ही त्यांना विचारलंत, सुरू कधी करणार म्हणून. तुम्हाला मी कारखान्यात कुठेच ठेवू शकत नाही."

हे मला सगळं सांगत होते तेव्हा जाऊबाई दाराआड उभ्या होत्या. त्या एकदम हसल्या. मग हसू थांबेना म्हणून पदर तोंडात धरून मोरीत गेल्या आणि नळ सोडला.

घर राहिलं. घरातलं कोणीतरी कारखान्यात असेल तरच क्वार्टर राहतं, आणि कारखान्यात ह्यांच्यासाठी एकच जागा होती. चार रात्री आम्ही दोघं घर सोडून जायच्या गोष्टी बोललो. जायचं कुठे, एवढ्यावर येऊन गोष्ट थांबायची. दादांना आता जिना उतरताना धरावं लागतं. जाऊबाईंचे गुडघे गेलेले. नोकरीसाठी फिरायची तेवढी गावं ह्यांची आधीच फिरून झालेली. आगीतून उठून फुफाट्यात जायचं, तर निदान फुफाटा तरी कुठे आहे ते माहीत हवं.

हे नारिंगी खोलीत रुजू झाले त्या सकाळी दादा अंथरुणातून उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ह्यांनी दारात बूट घालता घालता हाक मारली, "दादा, येतो." उत्तर आलं नाही. मग हे आत गेले, वाकून त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि निघाले. त्या पायांना चादर कळली की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी हे आले आणि वास आला. जाऊबाईंनी ओळखला, नुसतं नाक वर करून. इतक्या वर्षांनी जुना भाडेकरू दारात उभा राहावा तशा त्या थबकल्या. मग मला म्हणाल्या, "धाकटे, भावजींच्या उशीला जुना अभ्रा घाल. चांगले अभ्रे वाया जातील. नि कपडे वेगळे भिजव. मी दाखवते." आणि त्यांनी मला सगळं दाखवलं, किती वेळ भिजवायचे, कुठे वाळत घालायचे, रागावले तर काय बोलायचं नाही. इतक्या नेटकेपणाने, जणू घरची एखादी रीत सुनेच्या हाती द्यावी.

दादांनी दुसऱ्या दिवसापासून पेले पुन्हा काढले.

आता परीक्षक दादा आणि परीक्षार्थी आमचे हे. "रोज सकाळी बघायचं," दादा म्हणाले. "मी कोणाला सांगितलं नाही म्हणून उशीर झाला. तुझं पहिल्या दिवशी कळलं तर पहिल्या दिवशी साहेबांकडे जाता येईल. ते तुला मुरवणीत तरी घेतील." मुरवणीत नवा माणूस कधीच लागला होता, चांगला तरुण, आणि तो तिथून वीस वर्षं हलणार नव्हता. हे दादांनाही माहीत होतं. पण त्यांना थांबवायचं काम हवं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

सुरुवातीला सगळं हसतखेळत चाललं. हे डोळे मिटायचे आणि बोट लागताच ओरडायचे, "गरम! भाजलं की!"

"पास," दादा म्हणायचे. आणि जाऊबाई म्हणायच्या, "भावजींना पहिल्या वर्गात पास करा हो. तुमच्यासारखं रखडत नको."

हिवाळा गेला. ह्यांना माझ्या मैत्रिणीचं नाव आठवेनासं झालं, तेव्हा मी म्हटलं, पुरुषांना कधी आठवतात मैत्रिणींची नावं. एकदा ह्यांनी दार इतक्या जोराने आपटलं की बिजागरी निघाली. मग तासभर हे ती बसवत बसले होते आणि स्क्रू सारखा हातातून पडत होता. पतंगाच्या दोऱ्याचा गुंता सोडवणारा हात. मी दिवा धरून उभी होते. पडलेला स्क्रू दरवेळी मी उचलून दिला.

काल सकाळची गोष्ट. नेहमीप्रमाणे पेले मांडले होते. दादा समोर बसले होते, टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून. जाऊबाई चहाच्या पातेल्यापाशी. मी दाराच्या चौकटीत, डबा भरून हातात घेतलेला.

"मिट डोळे," दादा म्हणाले.

ह्यांनी डोळे मिटले. हात पुढे केला. आणि बोट पेल्याला लागायच्या आधी ह्यांनी मान किंचित पुढे काढली, हनुवटी वाफेवर येईल एवढीच.

"हा गार," हे म्हणाले. "हा गरम."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. दादा भावाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते. ही युक्ती त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? त्यांचा ओठ हलला, थांबला, परत हलला.

"पास," दादा म्हणाले.

जाऊबाईंनी हात पुढे करून गरम पाण्याचा पेला उचलला आणि पातेल्यात ओतला. मी ह्यांच्या हातात डबा दिला. बोटांनी कडी नीट धरली आहे ना, हे बघून मगच सोडला.